पाच माणसं, वीस अकाउंट आणि एकच पासवर्ड, काय करू?

सुतारपक्षी
नमस्कार मंडळी. आमचा छोटा व्यवसाय आहे, मी धरून पाच जण. ऑफिसचा मेल, बँक, हिशेबाचं सॉफ्टवेअर, वेबसाइट, सोशल मीडियाची पेजेस असं मिळून वीसेक अकाउंट असतील आणि खरं सांगायचं तर जवळपास सगळीकडे एकच पासवर्ड आहे, व्यवसायाचं नाव, सुरू केलं ते साल आणि शेवटी एक @. मागच्या आठवड्यात आमच्या मेलवरून दोन ग्राहकांना मेल गेला की आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या नवीन खात्यात भरा. त्यातल्या एकाने भरायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून कळलं, नाहीतर गेलेच होते त्यांचे पैसे. तेव्हापासून नीट झोप नाही.

मेलचा पासवर्ड बदललाय. पण आता सगळीकडे वेगवेगळे ठेवायचे तर लक्षात कसे ठेवायचे आणि पाच जणांना द्यायचे कसे? चार महिन्यांपूर्वी एक जण काम सोडून गेला, त्याला जुना पासवर्ड माहीत होता. घरातले म्हणतात त्यानेच केलं असणार, मला तसं वाटत नाही.

रात्रपाळी
आधी बाकी सगळं सोडा आणि मेलच्या सेटिंगमध्ये जा. फॉरवर्डिंग चालू आहे का, फिल्टरमध्ये तुम्ही न बनवलेला एखादा रूल आहे का, रिकव्हरीला नंबर आणि मेल तुमचेच आहेत का, कुठली अनोळखी ॲप्स जोडलेली आहेत का, हे एकेक करून बघा आणि मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. लोक नुसता पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात, पण चोराने रूल लावून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही मेलच्या कॉपी त्याला जातच राहतात. आणि मेल सगळ्यात आधी का, तर बाकी सगळ्या साइटची "पासवर्ड विसरलात?" वाली लिंक तिथेच येते. ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात सगळं.

खातं बदललेलं नाही हे ग्राहकांना फोन करून सांगा, मेलने नको.

त्या मुलाबद्दल म्हणाल तर पुराव्याशिवाय नाव घेऊ नका प्लीज. बहुतेक वेळा होतं असं की तुम्ही कधीतरी कुठल्यातरी साइटवर तोच मेल, तोच पासवर्ड देऊन अकाउंट काढलेलं असतं, ती साइट फुटते, म्हणजे तिथली मेल-पासवर्डची यादी चोरीला जाते, आणि चोर ती यादी घेऊन सॉफ्टवेअरने इतर शंभर ठिकाणी तेच लॉगिन मारून बघतात. २०१२ साली ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याच्या अकाउंटमध्ये चोरलेल्या पासवर्डनेच शिरकाव झाला होता, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर तुमचा मेल आयडी टाकून बघा, कुठल्या चोरीत तो आलाय ते दिसेल.

काटकोन
वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त पासवर्ड कसा बनवायचा यावर लिहितो कारण इथे फार गैरसमज आहेत. नुसती लहान इंग्रजी अक्षरं घेऊन ८ अक्षरी पासवर्ड केला तर सुमारे २०,८८२ कोटी शक्यता होतात. आकडा मोठा वाटतो, पण चोरीला गेलेल्या डेटाचं हॅशिंग (म्हणजे साइटने पासवर्ड थेट न ठेवता उलगडायला अवघड अशा रूपात साठवणं) कच्चं असेल तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज लावतं, म्हणजे खेळ काही मिनिटांत खलास. आणि a च्या जागी @, शेवटी १२३ किंवा साल, या युक्त्या चोरांना आपल्याआधीपासून पाठ आहेत.

त्यापेक्षा शब्द घ्या. डाइसवेअर नावाची पद्धत आहे, पाच फासे टाकायचे आणि येईल त्या आकड्याचा शब्द ७,७७६ शब्दांच्या यादीतून उचलायचा. असे पाच शब्द झाले की शक्यता होतात २८ च्या पुढे १८ शून्यं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेत तरी चालतील, कंदील मुंगूस पाऊणशे ढेकूळ सतार असं काहीतरी (हाच नका ठेवू!). पण शब्द फाशांनी निवडा, मनाने नाही. मनाने निवडले की मुलांची नावं आणि देवच येतात.

अजून एक, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम करू नका. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ पासून तसं सक्तीने बदलायला लावू नका असंच म्हटलंय. लोक शेवटचा आकडा १ चा २ करतात, दुसरं काही नाही. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला.

सुतारपक्षी
खूप आभार दोघांचे. वीस ठिकाणी पाच पाच शब्द कसे लक्षात राहणार पण? पासवर्ड मॅनेजरबद्दल ऐकलंय, पण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्या आणि तो जुडगाच गेला तर?

आभाळमाया
रास्त शंका आहे. पण आत्ता तुमच्याकडे जुडगाच नाहीये, वीस कुलपांना एकच किल्ली आहे. मॅनेजरमध्ये सगळं एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, बसतं, तुम्हाला पाठ करायचा फक्त एक मास्टर पासवर्ड, तो वर सांगितल्यासारखा पाच-सहा शब्दांचा ठेवा आणि कागदावर लिहून बंद पाकिटात कपाटात कुलूपबंद ठेवा. बाकी वीस तो मॅनेजरच बनवेल, २० अक्षरी, कोणालाही पाठ नसलेले. बिटवॉर्डन घ्या किंवा कीपास, कीपासची फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते पण पाच जणांत वाटायला बिटवॉर्डन सोपं पडेल. मला सगळ्यात आवडतो तो फायदा म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर गेलात तर मॅनेजर पासवर्ड आपोआप भरतच नाही, कारण पत्ता जुळत नाही. माणूस फसतो तिथे तो अडतो.

माणसांचं म्हणाल तर जिथे जमेल तिथे प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, एकच लॉगिन पाच जणांत नको. कोणाकडे काय आहे त्याची यादी ठेवा आणि कोणी सोडून गेलं की त्याच दिवशी ती यादी काढून एकेक बंद करा. यात त्या माणसावर अविश्वास नाही, उलट त्याचं रक्षण आहे, उद्या काही झालं तर बोट त्याच्याकडे जात नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला तो वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) अकाउंटमधून, त्यावर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी सोय, नव्हतं. टू-फॅक्टर मेल, बँक आणि मॅनेजर या तिन्हींना आजच लावा, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपचं (फोनवर सतत बदलणारा कोड दाखवणारं ॲप), आणि फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड त्याच पाकिटात टाका.

सुतारपक्षी
अपडेट देतो. मेलच्या फिल्टरमध्ये खरंच एक रूल सापडला, ज्या मेलमध्ये 'इनव्हॉइस' शब्द असेल तो एका अनोळखी पत्त्यावर जात होता. पासवर्ड बदलूनही चालूच होतं म्हणजे. उडवला, सगळीकडून साइन आउट केलं, टू-फॅक्टर लावलं. 'हॅव आय बीन पोन्ड'वर आमचा आयडी दोन चोऱ्यांमध्ये निघाला, त्यातली एक जुनी, तो मुलगा आमच्याकडे लागायच्याही आधीची. घरी दाखवलं. आज संध्याकाळी त्याला फोन करणार आहे.