सासूबाईंची शुगर आणि संकष्टीचा उपास, मदत हवी आहे

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगर १२ वर्षं झाली, मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.१ आली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गोळ्या अगदी टायमावर घेतात आणि घोळ तिथेच आहे. मागच्या संकष्टीला सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दिवसभर नुसता चहा. संध्याकाळी वाती वळता वळता हात थरथरायला लागले, ब्लाउज घामाने चिंब, मशीनवर शुगर फक्त ५८. बिस्कीट पुढे केलं तर तोंड घट्ट मिटलं, उपास मोडतो ना! नशीब साखर उपासाला चालते, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली तेव्हा पंधरा मिनिटांनी ताळ्यावर आल्या. रात्री चंद्र बघून वरण-भात आणि चार मोदक, सकाळी उपाशीपोटी २४०.

डॉक्टरांना विचारू म्हटलं तर "उपासाचं सांगू नकोस, ओरडतात". एकदा त्यांनी "उपासबिपास बंद" एवढंच सुनावलं होतं, तेव्हापासून तिथे तो विषयच निघत नाही.

ह्यांच्या ऑफिसातले एक शुगरवाले मुस्लिम सहकारी रमजानच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांचे डोस, वेळा सगळं बदलून लिहून आणतात. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो साखर खाली ओढतेच, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग संकष्टी-एकादशीसाठी असा कागद कुणी करून घेतलाय का? आपल्या मनाने गोळी बंद करायची नाहीये.

आणि हे बोलणार कोण? मी बोलले तर सून देवधर्म बुडवायला निघाली, हे बोलले तर बायकोने पढवलं. नणंदेचं ऐकतात, पण तिचं म्हणणं आईने जन्मभर केलंय, आता कशाला. इन्सुलिनचं नाव काढलं की "सुई म्हणजे शेवट", शेजारच्या काकूंची जांभूळबियांची पावडर मात्र मनोभावे चालू. हळदीकुंकवाला पेढा नको म्हटलं की चारजणी कारण विचारतात म्हणून खाऊनच मोकळ्या होतात, शुगर आहे हे अर्ध्या गल्लीला माहीतच नाही.

उपास सोडायला लावा असे सल्ले प्लीज नकोत, ते होणार नाही. दुपारी साबुदाणा सोडून काय देता येईल? राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही चालेल का? जरा लवकर सांगा, पुढची संकष्टी अंगारकी आहे.