स्पीड अवेअरनेस कोर्स केला, तर गाडीच्या विम्याचा हप्ता का वाढावा?

रेडिंगकरीण
गेल्या वर्षी मुलीला पोहण्याच्या क्लासहून घरी आणताना ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर मी ३६ ने गेले. आठवड्याभरात नोटीस आली. चूक माझीच होती, त्याबद्दल वाद नाही. इंग्लंडमध्ये ३० च्या रस्त्यावर ३५ ते ४२ च्या दरम्यान सापडलात आणि मागच्या तीन वर्षांत कोर्स केलेला नसेल, तर १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट याऐवजी सहसा कोर्सचा पर्याय मिळतो. मी कोर्स घेतला. नव्वदेक पौंड, अडीच तास, ऑनलाइन. परीक्षा नसते, पण कॅमेरा चालू ठेवून बोलावं लागतं.

खरं सांगते, खूप शिकले. वीसने जाणारी गाडी १२ मीटरमध्ये थांबते, तीसने जाणारीला २३ मीटर लागतात. वेग दीडपट आणि अंतर जवळजवळ दुप्पट! रस्त्याला दिव्यांचे खांब असले आणि वेगळी पाटी नसली, तर इंग्लंडमध्ये मर्यादा ३० ची, हेही इतकी वर्षं गाडी चालवून मला नीट ठाऊक नव्हतं.

यंदा विमा कंपनी बदलायला गेले, तर फॉर्मवर प्रश्न: मागच्या काही वर्षांत स्पीड अवेअरनेस कोर्स केला आहे का? ‘हो’ लिहिलं. हप्ता साठेक पौंडांनी वाढला. फोन करून विचारलं, तर कारण हेच. कोर्स म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, लायसन्सवर त्याची नोंदही होत नाही. मग विमा कंपनीने हा प्रश्न विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

डोंबिवली ते डर्बी
पूर्ण सहमत. आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. विमा कंपनी लायसन्स क्रमांकावरून पॉइंट तपासू शकते, पण कोर्स त्या नोंदीत दिसत नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त प्रामाणिक माणसाचाच खिसा कापतो. मी तीन वर्षांपूर्वी कोर्स केला, कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आकडेमोड
मी लीड्समध्ये विम्याचे दर ठरवण्याच्या कामात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

ताई, पोलिसांचा प्रश्न असतो ‘शिक्षा काय द्यायची?’ आमचा प्रश्न असतो ‘येत्या वर्षात या व्यक्तीकडून क्लेम येण्याची शक्यता किती?’ कोर्स केल्याने पहिला प्रश्न मिटतो. दुसरा मिटत नाही, कारण ३० च्या रस्त्यावर गाडी ३६ ने गेली, हे घडलेलंच आहे. इथे तर दुसऱ्याने मागून येऊन धडक दिली, तुमची काडीची चूक नसली, तरी पुढच्या वर्षी हप्ता वाढू शकतो. लोकांना तेही अन्यायाचं वाटतं, पण हप्ता दोष पाहून ठरत नाही.

आणि डर्बीकर, प्रामाणिक माणसाचाच खिसा कापतो म्हणता, तर गाडी रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती मैल धावते, मुख्य चालक कोण, हे सगळे प्रश्नही माणसाच्या शब्दावरच चालतात. ते काढून टाकायचे का?

रेडिंगकरीण
शक्यतेचंच बोलायचं, तर सरकारच्या वाहतूक खात्यासाठी झालेला अभ्यास २०१८ मध्ये आला. दंड आणि पॉइंट घेतलेल्यांपेक्षा कोर्स केलेले लोक पुढच्या सहा महिन्यांत वेग मोडताना कमी सापडले. जे सुधारतात, त्यांच्याकडून जास्त पैसे घ्यायचे, हे कुठलं गणित?

आकडेमोड
त्याच अभ्यासात अपघातांवर काही ठोस परिणाम दिसला नाही, हेही वाचा. क्लेम अपघाताचा येतो, कॅमेऱ्याच्या फोटोचा नाही. शिवाय त्यात तुलना पॉइंट घेतलेल्यांशी आहे, कधीच न सापडलेल्यांशी नाही. पॉइंटवाल्यांपेक्षा तुमचा हप्ता कमी असावा, हे मला मान्य आहे. तो शून्याने वाढावा, हे मान्य नाही.

सायकलवाली
मी रोज सायकलने कामाला जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या शेजारणीला गाडीने उडवलं. ती वाचली, पण अजून काठी घेऊन चालते. चालवणारा ‘जरासाच’ जास्त वेगात होता. त्यामुळे साठ पौंडांचं दुःख माझ्या गळी उतरत नाही. कोर्समधलं अडीच तासांत ऐकलेलं विसरतं, दर वर्षी हप्ता भरताना आठवण राहत असेल, तर राहू दे.

कोथरूडचा
आपल्याकडे याच्या उलट. हलक्या गाडीला वेगासाठी १००० ते २००० रुपये दंड, मोबाइलवर ई-चलान, विषय संपला. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडायची शिफारस केली होती. आमचं आजही असं आहे की चलान भरलं की माणूस मोकळा, शिकवत कुणीच नाही. मला तर तुमचा कोर्स इथे हवा आहे, हप्त्यासकट.

आकडेमोड
डर्बीकर, तुमची काळजी वाटते म्हणून लिहितो. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने न विचारलेलं आपणहून सांगायची जबाबदारी काढून टाकली. पण विचारलं, तर खरं उत्तर द्यायलाच हवं. निष्काळजीपणे चुकीचं सांगितलं आणि खरा हप्ता जास्त असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापतात: ६६० च्या जागी ६०० भरले असतील, तर १०,००० चे ९,०९० मिळतील. जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर पॉलिसीच रद्द, हप्ताही परत नाही. समोरच्याची नुकसानभरपाई कंपनीला सहसा तरीही द्यावी लागते, पण ती नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. आणि ‘पूर्वी कधी पॉलिसी रद्द झाली आहे का?’ हा प्रश्न पुढे प्रत्येक फॉर्मवर भेटेल.

रेडिंगकरीण
सायकलवाली, तुमच्या शेजारणीबद्दल वाचून कसंतरी झालं. त्यापुढे साठ पौंड काहीच नाहीत, आणि मी ते भरलेही आहेत.

माझं म्हणणं थोडं बदलते. विचारायचं तर सगळ्या कंपन्यांनी विचारावं, नाहीतर कुणीच नाही. आज एक विचारते, दुसरी विचारत नाही, तिसरी विचारते पण हप्ता वाढवत नाही. मला आलेल्या पत्रात ‘पॉइंट लागणार नाहीत’ एवढंच ठळक होतं, विम्याचा शब्दही नव्हता. हे आधी कळलं असतं तरी मी कोर्सच घेतला असता, पण कळायला हवं होतं.

डोंबिवली ते डर्बी
आकडेमोड यांचं वाचून रात्री तीन वर्षांचे फॉर्म उघडून बसलो. पहिल्या दोन वर्षांत फक्त सिद्ध झालेले गुन्हे आणि पॉइंट विचारले होते, कोर्सचा उल्लेख नाही. यंदाच्या फॉर्मवर आहे, आणि तिथे मी ‘नाही’वर टिक केलेली आहे. सकाळी कंपनीला फोन करतो.