मदत हवी आहे : डायझेपाम, अँटासिड आणि मॅग्नेशियम एकत्र चालतं का?

नमस्कार मंडळी,

वडील रात्री झोपताना डायझेपाम ही गुंगी आणणारी गोळी घेतात आणि लगेच पाठोपाठ अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध. त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आहे. हल्ली त्यांची तक्रार असते, "गोळी लागतच नाही." परवा त्यांनी अर्धी गोळी वरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंगत होते. मला फार काळजी वाटतेय.

त्यात एका नातेवाइकांनी गाढ झोपेसाठी मॅग्नेशियमची गोळी सुचवली आहे. वडिलांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, म्हणून ती अजून सुरू केलेली नाही.

वाचताना कळलं की एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम ब्रोमाइड झोपेसाठी आणि फिटसाठी देत. आहारात मीठ कमी असेल तर ब्रोमाइड शरीरात साठत जाई आणि विषबाधा झाली तर उपाय म्हणूनही मीठच देत. वडिलांचं मीठ रक्तदाबामुळे कमी केलंय. डायझेपामचंही तसंच होत असेल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :

ताई, मी फार्मासिस्ट आहे. मिठाची चिंता सोडा. ब्रोमाइड आणि क्लोराइड मूत्रपिंडातून एकाच वाटेने जातात, म्हणून तिथे मिठाने फरक पडतो. डायझेपामचं विघटन यकृतात होतं. मनोविकारावरचं लिथियम हे औषध चालू असतं तर मात्र मीठ कमी करणं धोक्याचं ठरलं असतं.

अँटासिडने डायझेपाम रक्तात उतरायला उशीर होऊ शकतो, एकूण मात्रा साधारण तेवढीच राहते. म्हणून वरची अर्धी गोळी घातक. हे औषध शरीरात दोन-दोन दिवस रेंगाळतं, वयस्कर माणसात त्याहून जास्त. तोल जाऊन पडण्याची भीती असते ती यामुळेच. दोन्ही औषधांच्या वेळा वेगळ्या करता येतील का, ते डॉक्टरांना विचारा. डायझेपाम मनाने एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते.

मॅग्नेशियमची गोळी देऊ नका. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडच बाहेर टाकतं. ते साठलं की गुंगी येते, स्नायू ढिले पडतात, फारच वाढलं तर श्वास मंदावतो, आणि डायझेपामही श्वास मंद करणारंच औषध आहे. अँटासिडमध्येही मॅग्नेशियम आहे, तेव्हा ते रोज घेणं योग्य आहे का हेही विचाराच. रक्तातलं मॅग्नेशियम शेवटचं कधी तपासलं होतं?

धागाकर्ती :

कधीच नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करते. गोळ्यांची डबी आजपासून माझ्याकडे ठेवतेय. जाग न येण्याइतकी गुंगी दिसली तर थेट दवाखान्यातच न्यायचं ना?

प्रतिसाद :

हो, लगेच. आणि दोन्ही औषधांची वेष्टनं सोबत न्या.