शब्दचर्चा: स्नायू, पेशी, शीर आणि ‘क्षय’

भाषांतरकार, कोथरूड
दोन अभ्यासांची मराठी माहितीपत्रके करायची आहेत. एक तान्ह्या बाळांच्या जन्मजात वाकड्या पावलांचा, दुसरा उतारवयातल्या स्नायूंचा आणि बुद्धीचा. सार्कोपेनियाला (वयामुळे स्नायू घटणे) ‘स्नायुक्षय’, कॉग्निटिव्ह डिक्लाइनला (स्मरण, आकलन मंदावणे) ‘स्मृतिभ्रंश’ आणि करेक्टिव्ह सर्जरीला ‘सुधारक शस्त्रक्रिया’ चालेल का? वाचणारे ओपीडीच्या बाकावरचे पालक आणि आजी-आजोबा आहेत.

वैद्य, सदाशिव पेठ
‘स्नायुक्षय’ नकोच. क्षय म्हटले की मराठी माणसाला टीबी आठवतो. शिवाय मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारालाही हाच शब्द वापरतात.

‘स्नायू’चा प्रवासही बघा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी 500 आणि स्नायू 900 मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे आपण आज ज्याला स्नायू म्हणतो ते, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. मराठीत पुढे पेशी ‘सेल’ला दिली आणि स्नायू ‘मसल’ला. हिंदीत मसल अजून मांसपेशीच आहे आणि स्नायु तंत्र म्हणजे चेतासंस्था! हिंदी पत्रकावरून मराठी करताना इथेच घात होतो: मज्जातंतूंची तपासणी स्नायूंची होऊन बसते.

फिजिओथेरपिस्ट, औंध
सार्कोपेनिया हा शब्द 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीकवरून सुचवला; अर्थ ‘मांसाची उणीव’. पण आता निदानात ताकद आणि हालचालही मोजतात. 2019 च्या आशियाई निकषांत मुठीची ताकद पुरुषांत 28 किलोंपेक्षा कमी, स्त्रियांत 18 पेक्षा कमी, किंवा खुर्चीवरून 5 वेळा उठून बसायला 12 सेकंद वा जास्त लागणे ही खूण धरतात. म्हणून ‘वयामुळे स्नायूंची ताकद आणि आकारमान घटणे’ असेच लिहा, लांब झाले तरी चालेल. ‘अशक्तपणा’ टाळा, लोक सलाइन मागतात.

चाचणीच्या सूचनेत ‘5 उठाबशा’ लिहू नका. उठाबशा म्हणजे कान धरून पूर्ण खाली बसणे. सत्तरीतल्या गुडघ्यांना ते धोक्याचे. ‘हातांची घडी छातीशी ठेवून, हाताचा आधार न घेता, खुर्चीवरून 5 वेळा उठा आणि बसा’ असे हवे.

बालअस्थिरोगतज्ज्ञ, डेक्कन
वाकडे पाऊल हळूहळू सरळ करण्याच्या पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक, अशी साधारण 5 ते 7 प्लास्टरे घालतात, मग बहुतेक बाळांत टाचेमागची कंडरा छेदतात. पत्रकात ‘शीर कापणार’ आले की पालक घाबरतात, कारण शीर म्हणजे रक्तवाहिनीही आणि नसही. कंडरा हा शब्द घ्या आणि लगेच उलगडा करा: ‘पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी’. छेद अगदी बारीक असतो, नंतर 3 आठवडे प्लास्टर, आणि तेवढ्यात ती लांब होऊन जुळते.

‘सुधारक शस्त्रक्रिया’ला माझी हरकत आहे. ते वाचले की ऑपरेशन झाले, पाय सुधारला, असे वाटते आणि बूट कपाटात जातात. खरे तर हे खास बूट आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग झोपेत साधारण 4 वर्षांचे होईपर्यंत. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते. ‘पाऊल सरळ करण्याचे उपचार’ म्हणा; उपचार चालू राहतात हे त्या शब्दातच आहे.

एथिक्स कमिटीचे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचे) काम पाहणाऱ्या, शिवाजीनगर
स्मृतिभ्रंश हा शब्द डिमेन्शियासाठी रुळला आहे, त्याच्या आधीच्या, सौम्य अवस्थेला लावू नका. ज्यांचे फक्त नावे आठवणे, हिशेब करणे मंदावले आहे ते बहुधा स्वतः संमती देऊ शकतात. त्यांना ‘भ्रंश’ म्हटले की घरचे सहीचा कागद मुलाकडे सरकवतात. ‘स्मरण आणि आकलन मंदावणे’ पुरे. म्हातारचळ तर कुठेही नको, तो टोमणा आहे.

कन्सेंट (सज्ञान व्यक्तीची किंवा पालकांची संमती) आणि असेंट (मुलाने स्वतः दिलेला होकार) दोन्हींना ‘संमती’ लिहिलेलेही दिसते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी असेंट लागतो, तोही पालकांच्या संमतीच्या जोडीला, वेगळा. त्याला ‘मुलाचा होकार’ म्हणा, आणि खाली ‘नाही म्हणालास तरी डॉक्टर तुला तपासतीलच’ ही ओळ ठेवा.