सरकारी पाट्यांवर अल्पसंख्य भाषेची एक ओळ मागण्यास कायद्याचा आधार कोणता?

प्रश्न (सीमावासी):
नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका मराठीबहुल गावात राहतो. गेल्या महिन्यात आईला तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात नेले होते. केसपेपर काढून मी औषधे आणायला गेलो आणि परत येऊन पाहतो, तर रक्त तपासून घ्यायला आलेली आई एक्स-रेच्या रांगेत पाऊण तास उभी होती. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी ही बाई. पण दोन्ही दारांवरच्या पाट्या फक्त कन्नडमध्ये असल्यामुळे तिला एक अक्षरही लागले नाही, आणि कोणाला विचारायचा तिला संकोच वाटला. कन्नड पाटी काढा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिच्याखाली मराठीची एक ओळ असावी, एवढीच मागणी आहे. ती कशाच्या आधारे करावी?

उत्तर (वऱ्हाडकर):
आमच्या अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिलेला निकाल आपण अवश्य वाचावा. त्या फलकावर वर मराठी आणि खाली उर्दू होती, आणि २०२२ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्यानुसार उर्दू काढावी, असा आक्षेप होता. राज्याच्या भाषेचा वापर सक्तीचा केला म्हणजे तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास मनाई केली असा अर्थ होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही बजावले. (तहसील, जिल्हा, अर्ज, दाखला हे आपले रोजचे कचेरीतले शब्द फारसी-अरबीतूनच आले आहेत.) मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. पातूरच्या नगर परिषदेला स्वतःलाच उर्दू ठेवायची होती आणि न्यायालयाने तिला आडकाठी नाही एवढेच म्हटले. नको म्हणणाऱ्या कार्यालयाला दुसरी भाषा लिहायला लावता येईल, असे त्या निकालातून निघत नाही.

उत्तर (जतकर):
कार्यालयाकडे दुसऱ्या भाषेची मागणी करण्याचा आधार भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत सापडतो. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक किमान १५ टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्र व राज्यांमध्ये ठरलेले आहे. हा कायदा नाही, धोरण आहे, त्यामुळे पाठपुरावा चिकाटीने करावा लागतो. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेचे तालुकावार आकडे मिळतात. ते अर्जाला जोडावेत. दाद न लागल्यास राज्यघटनेच्या कलम ३५०-ब खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जाता येते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमच्या जत तालुक्यात आणि तिकडे अक्कलकोटला कन्नड बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कन्नड शाळाही आहेत. बेळगावच्या आईसाठी जे मागायचे, ते जतमधल्या कन्नड आजीला नाकारून आपल्याला मागता येणार नाही. महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा आपला कायदा आहे; कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला हवा. दोन्हीकडे राज्यभाषेला अग्रमान देऊनही दुसऱ्या भाषेपुरती जागा शिल्लक राहते.

सीमावासी:
दोघांचेही मनापासून आभार. धोरणात ‘सूचना’ हा शब्द आहे, म्हणून नुसते ‘फलक’ न म्हणता ‘रुग्णांसाठीचे सूचनाफलक’ असे अर्जात लिहितो. नोंदणी, औषधे, रक्ततपासणी, एक्स-रे आणि बाळंतपण या पाच दारांपुरतीच मागणी ठेवली आहे. आधी मी ‘क्ष-किरण विभाग’ आणि ‘प्रसूती कक्ष’ असे लिहिले होते. आईने वाचून दोन्ही शब्द बदलायला लावले.