कंबर मागे नेली की कळ, पुढे वाकलं की आराम. हे उलटं कसं?

खडूवाला: शाळेत शिकवतो, दिवसातले पाच-सहा तास उभाच. फळ्याच्या अगदी वरच्या ओळीला हात नेला की कंबरेत उजवीकडे, मणक्यापासून दोन बोटं बाजूला, कळ येते. मग कुल्ल्यात आणि मांडीमागे ठणकत राहतं. गुडघ्याखाली काही नाही. टेबलावर कोपरं टेकून ओणवा झालो की मिनिटभरात सुटतं. एमआरआयमध्ये 'फॅसेट आर्थ्रोपथी' लिहिलंय, शिवाय एक गादी जराशी फुगलेली. घरीदारी सगळे एकच सांगतात, गादी आहे, वाकू नकोस. अहो, पण मला वाकल्यावरच बरं वाटतं!

मणकेवाली: मी फिजिओथेरपिस्ट. दोन मणक्यांच्या मध्ये पुढे गादी असते आणि मागे डावा-उजवा असे दोन छोटे सांधे. तेच फॅसेट. गुडघ्यासारखीच त्यांनाही कूर्चा असते, वंगण असतं, झीजही होते. मागे झुकलं किंवा वळलं की ते एकमेकांवर दाबले जातात, पुढे वाकलं की मोकळे होतात. गादीचं दुखणं बहुधा बसल्यावर आणि वाकल्यावर वाढतं. म्हणजे तुमचं वर्णन सांध्यांकडे बोट दाखवतंय, पण नुसत्या वर्णनावर शिक्का मारता येत नाही. एमआरआयवर तर नाहीच; अशी झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसते. पायात जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.

एकदा_सुई_घेतलेला: माझा शिक्का सुईने मारला. एका सांध्याला दोन बारीक नसांच्या फांद्या येतात, म्हणून दोन ठिकाणी भूल दिली. डॉक्टर म्हणाले, आता जे केल्यावर दुखतं तेच करा. जिना चढलो, मागे झुकलो, दर तासाला दहापैकी आकडा लिहिला. सातावरून एकावर! संध्याकाळी भूल उतरली आणि सात परत हजर. नंतर त्याच फांद्या उष्णतेने बधिर केल्या. दहा महिने छान गेले. नस पुन्हा वाढते, त्यामुळे आता थोडं थोडं जाणवतंय.

मणकेवाली: सुई नंतरची गोष्ट. आधी पोटाचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमवा. आणि खडूवाले सर, फळ्यापाशी एक पाय बुटक्या पाटावर ठेवून बघा, कंबरेचा बाक कमी होतो.

खडूवाला: पाट आजच ठेवला, फरक वाटला. वरच्या दोन ओळी मात्र आता शेवटच्या बाकावरचा लंबू लिहितोय. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.