वर्गात टॅब आणि डिजिटल फळा आल्यावर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: गणितशिक्षिका (सहावी ते आठवी)

नमस्कार. आमच्या शाळेला नुकताच एक डिजिटल फळा आणि वीस टॅब मिळाले आहेत. गणित आणि विज्ञानाच्या तासांना त्यांचा वापर कसा करायचा, याचा आराखडा तयार करण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले आहे. वर्गाचा पट चाळीसचा, म्हणजे दोघांत एक टॅब येईल. इंटरनेट अधूनमधून जाते.

गेले दोन महिने मी प्रोजेक्टरवर चित्रफिती दाखवून पाहिल्या. मुले शांत बसतात, पडद्यावरची नजर हलत नाही आणि तास संपताना 'समजले का?' असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. मात्र आठवड्याने त्याच घटकावर पाच प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे पूर्वीइतकीच कच्ची निघाली. उलट, मी फळ्यावर पायरी पायरीने गणित सोडवत असताना मुले मधेच ज्या शंका विचारत, त्याही बंद झाल्या. यंत्रे कपाटात पडून राहावीत असे मला वाटत नाही आणि केवळ मिळाली आहेत म्हणून वापरावीत असेही वाटत नाही. ज्यांच्या वर्गात मुलांचे शिकणे खरोखर सुधारले, त्यांनी नेमके काय केले हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १: माध्यमिक शिक्षक, गणित

बाई, तुमच्या प्रश्नातला तो एका सुरातला 'हो' फार महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला, तर काहींना तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. चित्रफीत पाहून झाल्यावर मुले 'हो' म्हणतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात. त्या क्षणी त्यांना खरोखरच समजल्यासारखे वाटत असते. त्यामुळे कोणतेही साधन वर्गात आणताना मी एकच गोष्ट तपासतो: यामुळे मुलाला स्वतः डोके चालवून उत्तर काढावे लागते का, आणि ते उत्तर माझ्यापर्यंत त्याच तासाला पोहोचते का?

केवळ यंत्रे वाटून काय होते, याचे उदाहरण पेरू देशात पाहायला मिळाले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांमध्ये दर मुलामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत त्याचा परिणाम दिसला नाही. याउलट बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून फक्त दोन तास, दोघांत एक संगणक देऊन, ज्याच्या त्याच्या पातळीची गणिते खेळाच्या रूपात सोडवायला दिली, तेव्हा गणितातली वाढ दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन (मुलांच्या गुणांत किती फरक असतो ते दाखवणारे माप) इतकी होती, आणि शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचितच दिसते. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने ती वाढ सुमारे ०.१ प्रमाण विचलन एवढीच उरली होती, म्हणून सराव वर्षभर चालू राहील अशीच आखणी करावी. तुमच्याकडेही दोघांत एकच टॅब आहे आणि मला ती अडचण वाटत नाही. एकाने सोडवायचे, दुसऱ्याने 'असे का केलेस?' असे विचारायचे आणि पाच गणितांनंतर जागा बदलायच्या, एवढी शिस्त लागली की शेजारी बसलेला मुलगा हेच सर्वांत चांगले साधन ठरते.

आता माझ्या वर्गातला एक तास सांगतो. '०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती?' हा प्रश्न मी सहावीला विचारला. पूर्वी मी हात वर करायला सांगत असे आणि त्याच चार-पाच मुलांची बरोबर उत्तरे ऐकून पुढे जात असे. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक छापील कार्ड दिले होते. त्यावर चौकोनी सांकेतिक आकृती असते, चारही बाजूंना अ, ब, क, ड असे पर्याय असतात आणि आपल्या उत्तराची बाजू वर येईल असे कार्ड धरायचे असते. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते पडद्यावर उमटते. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून काही उपयोग नसतो. त्या दिवशी निम्म्याहून अधिक मुलांनी ०.३५ हे उत्तर दिले होते. पस्तीस हे चारपेक्षा मोठे, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. मी दशांश स्थाने शिकवून पंधरा दिवस झाले होते आणि हा घोळ मला दिसलाच नव्हता. मी बरोबर उत्तर सांगितले नाही. शेजारच्याला दोन मिनिटांत पटवून द्या, असे म्हटले आणि मग कार्डे पुन्हा वर करायला लावली. ही रीत एरिक माझूर यांनी हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवताना १९९१ पासून रुजवली. एका मुलीने ०.४ च्या पुढे शून्य लिहून ०.४० केले, बोटाने दोन्ही संख्या एकाखाली एक दाखवल्या, आणि तिच्या बाकावरचे तिघेही कार्ड फिरवू लागले. त्यासाठी टॅब लागला नव्हता, एक मोबाइल आणि कागदाचे चाळीस तुकडे पुरले.

उत्तर २: संगणक कक्षाची प्रमुख

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त व्यवस्थेबद्दल लिहिते, कारण बहुतेक आराखडे तिथेच कोलमडतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटांच्या तासातली दहा-बारा मिनिटे टॅब वाटण्यात आणि पासवर्ड विसरलेल्यांना मदत करण्यातच जात होती. मग प्रत्येक टॅबवर क्रमांक चिकटवला, तो बाकाला कायमचा जोडून दिला आणि वाटण्याचे काम रांगेतल्या एकेका मुलाकडे सोपवले. चार्जिंग शाळा सुटताना लावायचे, सकाळी आल्यावर नाही. इंटरनेटवर विसंबून तास आखूच नका. कोलिब्रीसारखी, धडे आणि सराव साठवून ठेवणारी प्रणाली एका साध्या संगणकावर बसवली की वर्गातले टॅब इंटरनेटशिवाय त्याच्याशी जोडता येतात, आणि जिओजेब्रा हे भूमिती व आलेखांचे ॲप आधी उतरवून ठेवता येते. शिक्षकाला हे सगळे स्वतः हाताळून पाहण्यासाठी आठवड्यातला एक मोकळा तास मिळाला पाहिजे. मुख्याध्यापकांकडून तो आधी मंजूर करून घ्या.

उत्तर ३: विज्ञानशिक्षक

सरावासाठी टॅब वापरावेत हे बरोबर आहे, परंतु विज्ञानात त्यांचा खरा उपयोग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवण्यासाठी होतो असे मला वाटते, आणि त्या बाबतीत पहिल्या उत्तरात थोडी भर घालतो. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट या प्रकल्पाची, पडद्यावर चालणारी विद्युत परिपथाची प्रतिकृती मी वापरतो. त्यात तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. एका घटाला दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडले तर कोणता दिवा जास्त प्रकाश देईल, हे मी आधी वहीत कारणासह लिहायला सांगतो. पुष्कळ मुले पहिला दिवा असे लिहितात, कारण तो वीज वापरून टाकतो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते, अशी त्यांची पक्की समजूत असते. मगच बटण दाबू देतो. दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि वर्गात गलका होतो. अंदाज न लिहिता बटण दाबले, तर हीच प्रतिकृती नुसती करमणूक ठरते. मी पहिल्या वर्षी ती चूक केली होती.

त्यानंतर खरे घट, तारा आणि दिवे हाती देतोच. खरे दिवे अगदी एकसारखे नसतात, त्यामुळे थोडा फरक दिसतो. तो का दिसला, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. तेव्हा दिव्यांची अदलाबदल करून पाहायला सांगावे: कमी उजेडाचा दिवा जागा बदलली तरी कमी उजेडाचाच राहतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. २०१३ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात, तास चालू असताना लॅपटॉपवर भलतेच काही करणाऱ्यांचा पडदा ज्यांच्या नजरेसमोर होता, त्या विद्यार्थ्यांचे गुण १७ टक्क्यांनी घटले. म्हणजे नुकसान शेजाऱ्याचेही होते. माझ्या वर्गात मी बोलत असताना टॅब पालथे ठेवलेले असतात.

प्रश्नकर्त्या गणितशिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या महिन्यात फक्त कार्डे आणि आठवड्याला दोन तास जोडीने सराव, एवढेच करायचे ठरवले आहे. चित्रफिती तीन मिनिटांपुरत्या आणि मधे थांबवून प्रश्न विचारण्यासाठी ठेवते. एक शंका उरते. सरावाच्या ॲपमध्ये काही मुले हिरवी खूण येईपर्यंत एकामागून एक पर्याय दाबत राहतात. त्यांचे काय करावे?

उत्तर १ चे लेखक

माझ्याकडेही हे झाले. दोन बदल उपयोगी पडले. पहिल्या प्रयत्नाचेच उत्तर मोजायचे, हे मुलांना आधी सांगितले; बहुतेक ॲप शिक्षकाला प्रयत्नांची संख्या दाखवतात. दुसरे म्हणजे पर्याय दाबण्यापूर्वी वहीत एक पायरी लिहायची आणि ती जोडीदाराने वाचून मान हलवायची. गती निम्म्यावर येते, तासाला वीसऐवजी आठ-दहाच गणिते होतात, पण चुकलेली पायरी वहीत राहते आणि संध्याकाळी वह्या चाळताना दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचे ते मला त्यातूनच कळते.